राजाबाईच्या जिभेवरचा वारा

वडगावात राजाबाईबद्दल अशी बोलवा होती की तिची जीभ काळी आहे. बोललेलं खरं होतं म्हणून काळी, एवढंच नव्हे. खरोखरची काळी, जांभळं खाल्ल्यासारखी. ती जीभ बाहेर काढून राजाबाई दोऱ्याला लावते, मनात कुणाचं तरी नाव घेते, आणि घाटापलीकडून ढग उठतो तो वाटेत कुठंही न थांबता नेमका त्या नावाच्या घरापुढं येऊन ओतून जातो.

आता खरं काय ते. जीभ काळी नव्हती. गुलाबी होती, कडेला जरा पांढुरकी, मधे एक बारीक चीर. हे लिहिणाऱ्यानं ती भर उजेडात पाहिली आहे, कारण "दाखवा की राजाक्का" म्हटल्यावर तिनं ती हनुवटीपर्यंत बाहेर काढून दाखवली होती. आणि ढगांना बोलावण्याचं म्हणाल, तर आख्ख्या वडगावात ढगाला तिच्याइतकं भिणारं माणूस दुसरं नव्हतं. कुणी सापाला भितं, कुणी फौजदाराला, कुणी प्लेगला. राजाबाई आभाळाच्या कडेला मुठीएवढं पांढरं दिसलं तरी पदर तोंडात कोंबायची.

तिचं काम पाजणीचं. ताण्याचं, म्हणजे उभं, सूत मागावर चढवण्याआधी खळीनं पाजावं लागतं, नाहीतर धोटा चारदा इकडून तिकडं गेला की धागे तटातट तुटतात. गल्लीच्या या टोकाला एक खुंट, त्या टोकाला एक खुंट, मधे बांबूच्या तिकट्या, आणि त्यांवर चाळीस हात लांब ताणा ताणलेला. तांदळाची खळ कुंच्यानं लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, परत जायचं. मग ताणा ऊन खात तसाच उभा, सूर्य डोक्यावर येईपर्यंत. एकदा खळ लागली की मागं फिरणं नाही. ओला गुंडाळला तर धागे एकमेकांना चिकटून त्याची चटई होते. वर पाऊस आला तर खळ धुऊन गल्लीच्या गटारात, आणि सुताचा असा गुंता होतो की चुलीत घालण्याखेरीज त्याचा उपयोग नाही. पाजणीवाल्याला ढगाची भीती वाटते ती अशी. तिचा नवरा भावकू खोकल्यानं गेला तेव्हा मागं राहिला तो त्याचा कुंचा आणि ही भीती.

तिसरी एक गोष्ट राहिली होती, ती जीभ. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की ताणलेल्या धाग्याला टिचकी मारली तर तो टंग करून वाजतो, आणि लगेच तुटतो. म्हणून चैत्र लागला की खळीत थोडं मीठ टाकायचं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, धागा नरम राहतो. किती टाकायचं ते भावकू बोटांनी मोजत नसे. खळीत दोरा बुडवायचा, वाळवायचा, चाटायचा. नवीन लग्न होऊन आलेल्या राजाबाईनं एकदा हात सैल सोडला. ताणा मागावर चढला आणि तिसऱ्या दिवशी ओल्या कुत्र्यासारखा वास मारायला लागला. धागे लोंबले, बुरशी धरली. भावकू ओरडला नाही. खोकत खोकत एवढंच म्हणाला, "मीठ हाय ते, येडे. एकटं बसत न्हाय. पान्याला हाक मारतंय."

त्यानंतर तिची जीभ सोनाराच्या काट्यासारखी झाली. पश्चिमेच्या भिंतीवर एक खिळा होता, त्याला ती दोन दोरे लटकवून ठेवायची: एक खळीचा, एक कोरा, ताडून बघायला. एका सकाळी सवयीनं तिनं आधी कोरा चाटला. खारट लागला. अगदी नावापुरता, पण खारट. तिनं हात धुतले, तोंड धुतलं, दुसऱ्या टोकानं चाटला. खारटच. घरात ती एकटी. अंगणाला कडी. मग कोऱ्या दोऱ्याला मीठ लावून गेलं कोण? तिच्या पाठीतून काटा गेला. दोन दिवस पश्चिमेचा वारा सुटला होता, दारं आपटत होती. त्याच दिवशी दुपारी, निरभ्र आभाळातून, ढग आला.

एकदा झालं, दोनदा झालं. चार उन्हाळ्यांत तिला कळून चुकलं की वारा जोराचा, दोरा खारा, आणि मागोमाग ढग. का, ते कळेना. आणि न कळणारी गोष्ट घरात एकट्या बाईला सांगायला माणूस नसलं की ती गोष्ट मोठी मोठी होत जाते.

तिनं ती सांगितली, इथंच चुकलं. फाल्गुनात समोरची जयवंता ताणा पसरत होती. राजाबाई दारातून म्हणाली, "जयवंता, आज नगं गं. ढग येनार हाय." जयवंता निपाणीची लेक, तंबाखूवाल्याच्या घरची, बोलताना शेवटचं अक्षर असं लांबवायची की मधे माणूस पाणी पिऊन यावं. म्हणाली, "आभाळ कसं लख्ख हायऽऽ, आन् तुमी कुटनं आनलासा ढगऽऽ?" दुपारी ढग आला. जयवंताचा ताणा गटारात गेला. आणि संध्याकाळी नळावर तिनं आपलं तेच वाक्य जरा फिरवून सांगितलं: "हिनंच आनला की ढगऽऽ!" झालं. महिन्याभरात दोन घरांनी राजाबाईला पाजणी देणं बंद केलं. बाया तिच्यापुढून जाताना लेकराचं तोंड पदरानं झाकू लागल्या.

मारुतीराव मास्तर त्याच गल्लीत भाड्यानं राहायचे. कॅम्पातल्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे, सायकलवरून जायचे, आणि प्रत्येक वाक्य "म्हणजे असं की" ह्या तीन शब्दांवर टेकवून मग उचलायचे. राजाबाईनं एक दिवस त्यांची सायकल अडवली. इकडं तिकडं बघून, आवाज पाडून विचारलं, "मास्तर, वाऱ्यात मीठ आसतंय व्हय?"

मास्तर सायकलवरून उतरले. त्यांना असा प्रश्न वर्गात बारा वर्षांत कुणी विचारला नव्हता.

"म्हणजे असं की, असतं. समुद्रावर वारा जोरात सुटला की लाटा फुटतात, फेस होतो. फेस म्हणजे काय, तर बुडबुडे. प्रत्येक बुडबुडा फुटताना बारीक बारीक थेंब वर उडवतो. थेंबातलं पाणी वाळतं, मीठ राहतं. डोळ्याला दिसणार नाही एवढा कण. तो वारा उचलतो आणि घेऊन जातो. घाट चढतो, इकडं येतो."

"आन् ढग?"

"म्हणजे असं की, हवेतल्या वाफेला थेंब व्हायला बसायला काहीतरी लागतं. धूळ, धूर, काहीही. पण मीठ सगळ्यात पाणीखाऊ. त्या कणावर वाफ बसते, कण फुगतो, थेंब होतो. असे कोट्यवधी झाले की तुम्ही त्याला ढग म्हणता. कण बारीक आणि पुष्कळ असले तर पाणी सगळ्यांत वाटलं जातं, ढग नुसताच पांढरा तरंगत राहतो. त्यात थोडे जाड खारे कण असले तर ते पाणी ओढून जड होतात, आणि पडतात. असं पुस्तकात आहे. पुरतं अजून कुणालाच उमगलेलं नाही."

मास्तरांना वाटलं बाईची भीती गेली. उलट झालं. राजाबाईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आता तिला कळलं की तो तिकडं पडून नसतो. बारीक पीठ होऊन घाट चढतो, रात्रीतून तिच्या अंगणात उतरतो, तिच्या दोऱ्यावर बसून पाण्याला हाक मारतो. भावकू म्हणाला होता तसंच. फक्त खळीतलं मीठ चिमूटभर होतं, आणि हे केवढं कुणास ठाऊक. त्या दिवसापासून पश्चिमेची खिडकी तिनं चिंध्या कोंबून बंद केली. खिळा मात्र ठेवला. कळायला तर पाहिजेच होतं.

ते चव्वेचाळीस साल. लढाईमुळं सूत परमिटावर. गल्लीतल्या सहा घरांनी मिळून दोन महिने खेपा घातल्या तेव्हा एका ताण्यापुरतं सूत हाती आलं. सहा घरांचा एक ताणा; त्यातून लग्नसराईची लुगडी. तो गेला तर पुढचं सूत पावसाळ्याआधी नाही, आणि तोवर सहा माग धूळ खात बसणार. गल्लीचा म्होरक्या यमनाप्पा. ह्याचं बोलणं सुरू "आता बगा"नं आणि संपणार "का न्हाय?"वर, मधे काय होतं ते पुष्कळदा त्यालाही आठवत नसे. तो राजाबाईकडं आला.

"आता बगा राजाक्का, लोक काय बी बोलतात. भावकूच्या हातानंतर हात तुजा. ताना तूच पाजायचा. पर ह्यो नासला, तर मला बी कोन ऐकायचं न्हाय. कुंचा खाली ठेवावा लागंल. का न्हाय?"

राजाबाई मान हलवून "व्हय" म्हणाली. दोन दिवस वारा सुटलेला होता.

ठरल्या दिवशी पहाटे उठून तिनं कोरा दोरा चाटला. नावापुरता नव्हे, चांगला खारट, लोणच्याच्या बरणीचा काठ चाटावा तसा. टिचकी मारली तर टंग नाही, थप. बाहेर आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख, आणि गल्लीत खुंट ठोकल्याचे आवाज.

बोलावं, तर ढग आल्यावर सगळे म्हणणार, हिनंच आणला. न बोलावं, तर सहा घरांचा ताणा गटारात, आणि तोही तिच्याच हातानं पाजलेला. बोलून आलाच नाही, तर सहा घरांचा एक दिवस खाल्ला म्हणून शिव्या. कुठल्याही दारातून बाहेर पडली तरी तीच अंगणात उभी.

तिनं चोरासारखी वाट काढली. खळीचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि मोरीत ओतून दिलं.

"खळ आंबली," ती दारात येऊन म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"आँ?" यमनाप्पा म्हणाला.

"आंबली. आज ऱ्हाऊ द्या."

"आता बगा, रातीची खळ पाटंला कशी आंबंल? ए जयवंता! तुज्या चुलीवर खळ चडीव. लगोलग."

"चडीवतोऽऽ," जयवंता म्हणाली, आणि राजाबाईच्या मोरीकडं बघितलं. मोरीतून अजून वाफ येत होती. वासही चांगला येत होता. राजाबाईनं दार लोटलं.

नऊच्या सुमाराला खळ तयार झाली. ताणा खुंटापासून खुंटापर्यंत ताठ उभा होता, पांढराशुभ्र, अजून कोरा. सहा घरची माणसं दोन्ही बाजूंना उभी. यमनाप्पानं कुंचा स्वतः उचलून तिच्या हातात दिला. तिनं तो खळीत बुडवला. वर उचलला. खळीचा एक जाड थेंब कुंच्यावरून सुटून तिच्या पायावर पडला. आता हात एक वीतभर पुढं गेला की झालं.

हात पुढं जाईना.

"लाव की," कुणीतरी म्हणालं.

तिनं कुंचा परत पातेल्यात ठेवला. "न्हाय लावनार," ती म्हणाली. मग डोळे मिटून, जणू विहिरीत उडी मारावी तसं, "ढग येनार हाय. बाराच्या आत. गुंडाळा."

गल्ली एकदम उसळली.

"आली बगा बोलली!"

"तोंड धरा हिचं!"

"आभाळात चिटपाखरू न्हाय आन् ही म्हंतीया—"

एका म्हाताऱ्यानं आपल्या नातीचं तोंड झाकलं. कुणी तरी मागून ओरडलं, कुंचा काढून घ्या. राजाबाई भिंतीला टेकली. तिला वाटलं आता दगड येईल. भीतीनं माणूस थिजतं, पण कधी कधी भीती इतकी वाढते की तिला पुढं जायला जागा उरत नाही, आणि ती रागात शिरते. राजाबाई घरात गेली, खिळ्यावरचा कोरा दोरा ओढून आणला आणि यमनाप्पाच्या नाकापुढं धरला.

"चाटा."

"काय?"

"चाटा म्हंतो न्हवं! माजी जीभ काळी ना? मग तुमची लावा. ढग आला तर तुमच्या जिभेनं आला म्हना."

यमनाप्पा मागं सरला. तो गावात कुणाला भीत नव्हता, दोऱ्याला भ्याला. पण सगळी गल्ली बघत होती. त्यानं मिशा दोन बोटांनी बाजूला केल्या, जीभ काढली, आणि लावली.

"आता बगा..." तो म्हणाला, आणि थांबला. पुन्हा लावली. "अय्यय्यो. खारट की ओ!"

"दावा, दावा!" दोरा पुढं गेला. एकानं चाटला, म्हणाला न्हाय लागत. त्याची बायको म्हणाली, तुमाला कालवनातलं तरी कवा लागतंय? तिनं चाटला, डोळे मोठे केले. ज्यांना लागला ते ओरडले. ज्यांना नाही लागला तेही ओरडले, कारण आपली जीभ मठ्ठ आहे असं चारचौघांत कोण सांगणार! एका दोऱ्यामागं सहा घरं जीभ काढून उभी. मारुतीराव मास्तर सायकल हातात घेऊन बघत होते, त्यांनीही चाटला. "म्हणजे असं की," ते म्हणाले, आणि दोरा पुढच्याच्या हातात दिला.

शेवटी दोरा जयवंताकडं आला. तिनं तो चाटला नाही. दोन बोटांत धरून चुरगाळला, सोडला, परत चुरगाळला.

"मऊ पडलाय," ती हळूच म्हणाली. पहिल्यांदाच तिचं शेवटचं अक्षर आखूड होतं. "आमच्या निपानीला ह्या वाऱ्यानं तंबाखूचं पान आसंच मऊ पडतंय. बा म्हनायचा, पान मऊ, ढीग झाका. मी कवा ध्यानात घेटलंच न्हाय." मग तिनं जीभ लावली. आणि राजाबाईकडं बघवेना म्हणून ताण्याकडं बघत म्हणाली, "गुंडाळा."

कोरा ताणा गुंडाळायला घटकाभर वेळ पुरला. तो यमनाप्पाच्या माजघरात, गोधडीखाली गेला. आणि मग वाट बघणं सुरू झालं.

ते वाट बघणं राजाबाईच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट. दहा वाजले. आभाळ लख्ख. साडेदहा. लख्ख. लोक दारात बसून एकदा आभाळाकडं बघायचे, एकदा तिच्याकडं. ती उंबऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आयुष्यभर ज्याला भ्यायली त्याची ती आता वाट बघत होती, आणि आला तर काय, ही भीती तशीच होती. तोंडात अजून तो खारटपणा होता. तिला वाटलं समुद्र आतूनच येतोय.

अकराला पश्चिमेकडं एक पांढरी रेघ दिसली. मग रेघेला पोट आलं. मग पोट काळं झालं. वारा पडला, कावळे गप्प झाले, आणि बाराच्या आत गल्लीवर पाऊस असा कोसळला की खुंट उपटून गटारातून वाहत गेले. मधे बोराएवढ्या गारा. पत्र्यांवर तडतड, कौलांवर टकटक. सहा घरची माणसं आपापल्या दारात, आणि मधली गल्ली, जिथं ताणा असायला हवा होता, तिथं नुसतं गढूळ पाणी उड्या मारत होतं.

राजाबाईनं डोळे गच्च मिटले. आता बोलतील. आता कुणीतरी बोलेल.

समोरच्या दारातून, पावसावर आवाज चढवून, यमनाप्पा बोलला.

"आता बगा! आज ह्यो आपन समद्यांनी मिळून आनला. का न्हाय?"

आधी मास्तर हसले. मग जयवंता, लांबलचक. मग गल्लीच गल्ली. राजाबाईनं एक डोळा उघडला. तिला हसू आलं नाही, ती ढसाढसा रडली, आणि रडताना ओठावर आलेलं चाटून, सवयीनं, म्हणाली, "ह्ये माजं मीठ हाय."

दोन दिवसांनी दोरा गोड झाला, म्हणजे बेचव झाला. तिनं ताणा पाजला. ज्या दोन घरांनी काम काढून घेतलं होतं ती परत आली, त्यातलं एक घर तर आदल्या संध्याकाळी येऊन आधी विचारून जायचं, "राजाक्का, उंद्या कसं?" ती घाबरतच सांगायची. घाबरणं तिचं शेवटपर्यंत गेलं नाही. पण आता ती एकटी घाबरत नव्हती. दोरा आठ घरं चाटायची.

ह्या सगळ्यावर एका माणसाचा विश्वास नव्हता, आणि तो म्हणजे हे लिहिणारा. चार कोस नाही, दहा कोस नाही, एवढ्या लांबचं मीठ जिभेला लागतं? घामाचं असेल, नाहीतर बोटांचं. त्यानं पैज लावली. वैशाखात, वारा असलेल्या दिवशी, तीन दोरे: एक पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेला, एक झाकण लावलेल्या मडक्यात ठेवलेला, आणि तिसरा, कुणाला न सांगता, घरातल्या मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला. डोळे बांधून राजाबाईनं ओळखायचं. ती हरली तर आपल्या हातची पुरणपोळी, हे लिहिणारा हरला तर आठ दिवस गल्लीतल्या कुणाचीही, रोज करतो ती, नक्कल करायची नाही.

जयवंतानं डोळ्यांवर फडकं बांधलं. राजाबाईनं पहिला चाटला. "ह्यो मडक्यातला." दुसरा चाटला, अंगावर शहारा आला. "ह्यो भिंतीवरला. उंद्या ताना काडू नगा." तिसरा नुसता जिभेला टेकवला, आणि फडक्याखालून हसली.

"आन् ह्यो, लबाडा, समुद्राचा न्हाय. ह्यो तुज्या आयच्या डब्यातला."

आठ दिवस वडगावात यमनाप्पासारखं बोलणारा फक्त यमनाप्पा होता.